गंगीचा खरा क्रमांक

“मावशी, आपली गंगी बदलली!”

मैथिलीच्या हातातल्या टॅबवर भलतंच कासव दिसत होतं. गंगी तर समोर टबात फुरफुरत होती. जाळ्यात अडकून तिचा पुढचा पाय जखमी झाला होता. कोकणातल्या या कासव-दवाखान्यात मैथिलीने आणि तिच्या शास्त्रज्ञ सुलक्षणामावशीने तिला सगळा पावसाळा जपलं होतं. आज तिला समुद्रात सोडायचं होतं. शिंपला नावाचा सहा पायांचा रोबो टब उचलून पाण्याकडे निघालाही होता.

“थांब रे शिंपल्या! तू नक्की काय केलंस, मैथिली?”

“गंगीची माहिती डेटाबेसमध्ये (माहितीच्या नीट रचलेल्या साठ्यात) भरली. मग विचारलं, शेवटचा क्रमांक कोणता? उत्तर आलं, ४८१३. तोच तिच्या पाठीवरच्या ट्रान्समीटरला (संदेश पाठवणाऱ्या यंत्राला) दिला.”

शिंपल्याचे दिवे लुकलुकले. “४८१३ हे ओडिशाच्या किनाऱ्यावरचं कासव आहे. तुमच्या पाठोपाठ तिथल्या कुणीतरी नोंद केली.”

मैथिलीचा चेहरा उतरला. गंगी अशीच गेली असती, तर तिचे संदेश दुसऱ्याच कासवाच्या नावावर जमा झाले असते!

“मग आपणच का नाही क्रमांक ठरवायचा?”

“आणि ओडिशावाल्यांनीही तोच ठरवला तर?” मावशी हसली. “म्हणून तर डेटाबेस स्वतःच क्रमांक देतो. एकदा दिलेला पुन्हा कुणाला देत नाही.”

“मग पुन्हा नोंद करू?”

“म्हणजे एका गंगीच्या दोन गंगी होतील!”

मैथिली वाळूत फतकल मारून बसली. विचार करता करता एकदम टुणकन उठली.

“देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडसारखं आहे हे! चपला देताना आपला बिल्ला आपल्याच हातात मिळतो. तो न घेता, ‘शेवटचा बिल्ला कितवा?’ असं नंतर विचारलं, तर दुसऱ्याच्याच चपला घालून घरी जाऊ!”

“शाब्बास!” मावशीने टाळी दिली. “मग आता काय विचारशील?”

“सगळ्यांत शेवटचा नाही. *मी* केलेल्या नोंदीचा क्रमांक!”

“आपली जोडणी (डेटाबेसशी बोलण्याची आपली स्वतंत्र वाट) अजून चालू आहे,” शिंपला म्हणाला. “या वाटेने झालेली शेवटची नोंद कोणती, हे डेटाबेस बरोबर सांगेल. मधे कितीही जण येऊन गेले, तरी.”

मैथिलीने विचारलं. उत्तर आलं, ४८१२. आणि पडद्यावर जखमेचा वण असलेली गंगी झळकली!

मैथिलीने ट्रान्समीटरचा क्रमांक बदलला. शिंपल्याने टब पाण्याजवळ नेऊन अलगद कलता केला. गंगीने वाळूत पाय मारले, एक लाट अंगावर घेतली आणि दिसेनाशी झाली.

तोच टॅबवरच्या नकाशावर एक हिरवा ठिपका उमटला. तो हळूहळू दक्षिणेकडे सरकू लागला.

“कुठवर जाईल गं ती?”

“कुणास ठाऊक!” मावशी म्हणाली. “ही कासवं कुठे कुठे फिरतात, ते अजून आपल्याला पुरतं कळलेलं नाही. आता गंगीच दाखवेल.”

“जा गंगे, लांब जा!” मैथिली लाटांत उड्या मारत ओरडली. “आम्ही बघतोय!”