पाण्यावरून येणारं फूल

"पांढरे कपडे घालून कामाला निघणाऱ्या माणसात जीव गुंतवू नकोस," आई म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं. आमच्या वाळवंटातल्या माहान गावात डोंगराखालून पाणी आणणाऱ्या भुयारी पाटांतला गाळ उपसणारे पांढरंच घालतात. अंधारात दिसावं म्हणून... आणि वरून माती कोसळलीच, तर कफन वेगळं लागू नये म्हणून. दुसरं कारण तेव्हा मला ऐकायचंच नव्हतं.

मी कॉलेजात होते. शाही बागेत पाटात पाय सोडून चित्र काढत बसले होते, तर पाण्यावरून डाळिंबाचं फूल आलं. मग आणखी एक. तेही भुयाराच्या तोंडातून! थोड्या वेळाने त्याच तोंडातून चिखलाने माखलेला फरामर्ज वाकून बाहेर आला.

"फुलं कुणासाठी?"

"रोज इथे पाय गारठवत बसते, तिच्यासाठी. काय काढता एवढं?"

मी ऐटीत सांगितलं — ही आपली चार भागांची बाग मोगलांनी हिंदुस्थानात नेली, थेट काश्मीरपर्यंत, त्यावर लिहितेय.

"बाग नेली," तो ओठांत हसला, "मला नाही नेलं. तुमचं नशीब."

लग्नानंतर तीच आमची खूण झाली. खालचं काम आटपलं की तो फूल सोडतो, मग उभ्या विवरातून दोर धरून वर चढतो. मी आमच्या छोट्या रोयाला कडेवर घेऊन बागेतल्या हौदाशी उभी. फूल दिसलं की चहा टाकायला घरी.

काल फूल आलंच नाही.

पाणी गढूळ तर रोजच होतं. पण काल ते बारीक झालं... आणि मग पाट नुसताच ओला राहिला. भुयार ढासळलं की असंच होतं, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. रोया रिकाम्या पाटाकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा."

मी धावत सुटले. वर, पाण्याची वाटणी होते त्या दगडापाशी. पाणी होतं! पण शेजारच्या तूबाखानूमच्या जर्दाळूंकडे वळलेलं. तिने पाण्याची पाळी बदलून घेतली होती, मला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हातारी बांधावर बसलेली. कानामागे लाल फूल.

"हे... कुठून?"

"पाण्यातून आलं गं. या वयात मला कोण पाठवतंय? म्हटलं, आलंय तर माळावं."

तिच्या गळ्यात पडून मी रडले. ती गोंधळून फूल परत द्यायला लागली.

तेवढ्यात दोर खांद्यावर टाकून फरामर्ज उतरणीवरून आला. माझ्याकडे बघितलं, मग म्हातारीच्या कानाकडे.

"असू दे तुमच्याकडे, खानूम," तो म्हणाला. मग हळूच, मला, "तिच्या कानामागे गेलं... पण होतं तुझंच."

"आईचं ऐकलं असतं, तर—"

"तर?"

 मी त्याची चिखलाळ बाही धरली, ती घरापर्यंत सोडली नाही.

म्हणून सांगते... तुमच्या पाटात कधी असं फूल वाहत आलं, तर खुशाल माळा. फक्त आधी शेजारच्या बागेत डोकावून या. हौदाशी कुणी वाट बघत उभी आहे का, तेवढं बघा.