पायरीवरची मुलगी

"कासिमिराबाई, माझ्या चित्राची कोणीतरी वाट लावलीय. त्याला तुरुंगात घाला!"

एर्मेलिंदा उक यांनी फडक्यात गुंडाळलेली चौकट टेबलावर ठेवली. वय पंचाहत्तर, पण आवाज तिकुल गावच्या बाजारात ऐकू जाईल असा.

गुप्तहेर कासिमिरा नोवेलोंनी भिंग उचललं. त्यांचे मित्र, औषधवाले आर्सेनियो, खांद्यावरून डोकावले.

शंभर वर्षांपूर्वीचं पेन्सिलचित्र. गावाबाहेरचे पडके राजवाडे, कमानीवर चढलेली झाडं, आणि पायरीवर घागर घेतलेली एक मुलगी.

"ही माझी आजी. हे चित्र काढणाऱ्या गोऱ्या प्रवाशाचा स्वयंपाक करायची. त्यानं दगडान् दगड काढला, पण हिचा चेहरा कोराच सोडला. आता बघा!"

चेहऱ्यावर डोळे होते, ओठ होते. पेन्सिलीच्या रेघा ताज्या होत्या.

"चुकीचा काढलाय?" कासिमिराबाईंनी विचारलं.

एर्मेलिंदाबाई चित्रावर वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "नाही. तीच आहे. ओठाखालच्या तिळासकट."

"तिचा फोटो आहे कुठे?"

"आमच्याकडे कुठला फोटो! मी नऊ वर्षांची असताना गेली ती."

चित्र जत्रेच्या प्रदर्शनासाठी शाळेत दिलं होतं. तिथूनच ते असं परत आलं.

शाळेत जाऊन विचारताच मास्तर रोसेंदो चिडले. "मी मेक्सिको शहरातून परवा परवा आलोय. माझ्या हातून साधी बादलीसुद्धा नीट काढून होत नाही. चौकट खिळखिळी होती, ती दुरुस्तीला दिली, एवढंच."

तरुण फोटोग्राफर एवारिस्तोने आपण काढलेला चित्राचा फोटो पुढे केला. "चित्र आलं त्याच दिवशी काढला. चेहरा कोरा आहे बघा."

चौकट दुरुस्त केली होती क्रिसान्तोने. एर्मेलिंदाबाईंचा थोरला भाऊ, देवांच्या लाकडी मूर्ती घडवणारा. आईच्या मागे हे चित्र कुणाकडे राहावं, यावरून बहीणभावांत अबोला होता.

"मी खिळे ठोकले," तो खोकत म्हणाला. "तिच्या चित्राशी मला काय करायचंय?"

बाहेर येताच आर्सेनियो म्हणाले, "मास्तरच! चित्र त्याच्याच ताब्यात होतं."

"उद्या सगळ्यांना शाळेत बोलवा," कासिमिराबाई म्हणाल्या.

सगळे जमल्यावर त्यांनी चित्र फळ्याला टेकवून ठेवलं.

"फोटोमुळे एक कळलं. चेहरा शाळेत आल्यावरच काढला गेला. पण चित्र कुणाच्या हाताशी होतं, याला महत्त्व नाही. आजीला कुणी पाहिलं होतं, याला आहे. मास्तर परगावचे. एवारिस्तो तेव्हा जन्मलासुद्धा नव्हता. फोटो नाही, तरी तीळ जागच्या जागी. तिला पाहिलेली दोनच माणसं उरलीत. त्यातली एक तक्रार घेऊन माझ्याकडे आली. दुसऱ्याला चेहरे घडवता येतात."

क्रिसान्तोने मान खाली घातली.

"डॉक्टर म्हणतात, पाऊसकाळ काही मी बघत नाही," तो म्हणाला. "त्या गोऱ्यानं भिंतीतली भेगसुद्धा सोडली नाही. आणि आपली आजी? फक्त दगडांची उंची कळावी म्हणून उभी केलेली. आपण दोघं गेल्यावर तिचा चेहरा कुणाला ठाऊक असणार, लिंदा?"

आर्सेनियो उगाच चष्मा पुसत राहिले.

एर्मेलिंदाबाई उठून चित्रापाशी गेल्या.

"मला विचारायचं तरी होतंस."

"बोलत होतीस कुठे तू?"

त्यांनी भावाचा दंड धरला आणि त्याला बाकावरून उठवलं.

"चल घरी, दादा. काळ्या घेवड्याची उसळ केलीय. आणि जेवताना सांग मला, ती गाणं कुठलं म्हणायची रे? मला चालच आठवते, शब्द गेलेत."