पंचाण्णव किलो

"सायकल बघताय, की पाऊस?"

आवाज मागून आला. ती दुकानाच्या पत्र्याखाली दम खात उभी होती. कोपऱ्यापासूनच्या चढानंच तिची ही गत केली होती. पाऊस नुसता निमित्ताला. काचेपलीकडे बोटाएवढ्या टायरांची एक निळी रेसिंग सायकल टांगलेली होती.

"दोन्ही," ती म्हणाली.

"मग आत या. पाऊस आतूनही दिसतो."

त्याचे हात मनगटापर्यंत काळे होते आणि कानामागे पेन्सिल खोचलेली होती. आतून मालक ओरडले, "अरे मिस्त्री, गिऱ्हाइकाला आधी बसू तरी दे!" दुकानात एकच स्टूल होतं. तिनं स्टुलाकडे पाहिलं, मग स्टुलाच्या बारीक पायांकडे पाहिलं, आणि उभीच राहिली.

"ती निळी केवढ्याला?"

"ती तुम्हाला नाही विकणार."

तिचा चेहरा उतरला. "का? मोडेल?"

"तुम्ही मोडाल. हँडल खाली, टायर बारीक, रस्त्यावरचा एकेक खडा मणक्याला कळतो. नव्यानं शिकणाऱ्याची सायकल नाही ती. बजेट किती?"

तिनं सांगितलं.

"एवढ्यात नवी घेतलीत तर रंग मिळेल, सायकल नाही मिळणार." त्यानं कोपऱ्यातून एक करडी, जुनी सायकल ओढून काढली. "ही बघा. स्टीलची आहे. रूप गेलंय, हाडं शाबूत. टायर रुंद घालू. मागचं चाक मात्र मी नवं बांधून देईन, सगळा भार त्याच्यावर येतो." आणि मग तिच्याकडे न बघता, हातातल्या चाकाच्या हबकडे बघत त्यानं विचारलं, "वजन... किती धरू?"

"पंचाण्णव," ती म्हणाली.

त्यानं कानामागची पेन्सिल काढून भिंतीवर तो आकडा लिहिला.

काट्यावर ती एकशे सोळा भरत होती.

असं का केलं, हे तिला घरी जाईपर्यंत कळलं नाही. कळलं तेव्हाही तिनं ते स्वतःशी कबूल केलं नाही. ती कपडे शिवायची. अंगावरचे स्वतःचे असे शिवायची की दहाएक किलो कापडातच जिरावेत. उरलेले तिनं जिभेनं जिरवले होते, इतकंच.

सायकल तिला हौसेसाठी नको होती, बाबांच्या रस्त्यानं एकदा जायला हवी होती. तिचे बाबा पाण्याच्या पंपघरावर ऑपरेटर होते. घरापासून सोळा किलोमीटर, एकतीस वर्षं, सायकलवर. मग त्यांनी अंथरूण धरलं, आणि पलंग बाहेरच्या खोलीत आणायचा म्हणून तिनं ती सायकल भंगारात दिली. काट्यावर एकोणीस किलो भरली. शेवटच्या आठवड्यात बाबांनी विचारलं होतं, "सायकलीत हवा आहे ना गं?" आणि ती म्हणाली होती, "आहे, बाबा. कालच भरली."

बाबा गेले. हवा भरलेली राहिली.

पहिला स्पोक नवव्या दिवशी तुटला. वळणावर टण् झालं आणि चाक ब्रेकला घासायला लागलं. ती सायकल ढकलत दुकानात आली.

"माझी चूक," मिस्त्री म्हणाला. "एखादी तार ओढायची राहिली असेल." त्यानं नवा स्पोक घातला, चाक फिरवून त्याचा आऊट, म्हणजे डगमग, काढला आणि मग एकेक तार नखानं छेडली. "कान इकडे करा, टेलरबाई. सगळ्यांचा सूर एक यायला हवा. ज्याचा वेगळा, तो ढिला."

ती वाकली. त्याच्या बाहीला ग्रीसचा आणि साबणाचा वास येत होता. सूर तिला एकच वाटला, पण ती उगाच म्हणाली, "हा जरा वेगळा वाटतो."

"तो वेगळा नाही."

"मग परत वाजवा."

त्यानं परत वाजवला. दोनदा.

दुसरा स्पोक तुटला तेव्हा तो म्हणाला, "रविवारी मी तुमच्यामागून येतो. चाक चालताना बघायला हवं." रविवारी सकाळी रस्ता ओला होता. ती पुढे, तो मागे.

"मागून बघू नका!" ती ओरडली.

"चाक बघतोय!"

"तेच सांगतेय!"

तो हसला. ते हसू तिला पाठीवर जाणवलं, ऊन पडल्यासारखं. बाबा गेल्यापासून तिच्या पाठीला काही जाणवलं नव्हतं. सातव्या किलोमीटरला तिसरा स्पोक तुटला. त्यानं गुडघ्यावर बसून चाकाला हात लावला आणि एकेक तार दाबून पाहिली. मग हळूच म्हणाला, "कमाल आहे..." हे तिला उद्देशून नव्हतं. स्वतःच्या हाताला होतं.

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आलाही. पण तो सायकल ढकलत तिच्या शेजारून चालत होता, आणि हा रस्ता लवकर संपू नये असं तिला वाटत होतं... माणूस एवढ्यासाठी गप्प बसतं.

पुढच्या आठवड्यात ती गेली तेव्हा तो दुकानात नव्हता. भिंतीवर पंचाण्णव तसाच होता.

"मिस्त्रीचं काही खरं नाही, ताई," मालक म्हणाले. "हात गेला म्हणतो. बावीस वर्षं चाकं बांधली, तक्रार नाही कुणाची. आणि आता एकच चाक तीनदा! म्हणतो, एखादा तोंडावर आपटायच्या आत थांबलेलं बरं. दुसऱ्या शहरात गोदामात नोकरी घेतलीय, खोकी उचलायची. मी समजावलं. ऐकेल तर शपथ."

ती घरी येऊन मशीनसमोर बसली. समोर एका बाईंचा उसवलेला कोट होता. बाईंनी माप देताना पोट आत घेतलं होतं, तिसऱ्या दिवशी पोटावर कोट उसवला, आणि त्या चार लोकांत म्हणाल्या होत्या, "हिच्या हाताला आता पूर्वीची सर नाही." त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत हातात सुई धरू शकली नव्हती. खोट्या मापाचा कपडा कुणाचा जीव घेतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

बाबांना सांगितलेलं खोटं आता परत घेता येत नव्हतं. हे येत होतं.

सकाळी दुकान उघडताच ती गेली. तो आपली हत्यारं एकेक पुसून डब्यात ठेवत होता.

"एकशे सोळा," ती दारातूनच म्हणाली.

"काय?"

"माझं वजन. तेव्हाही एकशे सोळाच होतं. चाक बरोबर बांधलं होतंत तुम्ही... माप खोटं होतं."

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "लोक पाच किलो चोरतात. मी पाच धरूनच बांधतो," तो सावकाश म्हणाला. "तुम्ही एकवीस?"

"हो."

"दीड महिना रोज दुकान उघडायच्या आधी येऊन मी हे हात बघत बसलोय. कापतायत का म्हणून." आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "तुम्ही स्वतः हातावर पोट असलेल्या. तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं. उशिरा."

"पण का? मी काही हसणार होतो?"

ती रडली नाही. तिनं नुसतं दाराच्या चौकटीला धरलं. "दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंत म्हणून नाही सांगितलं."

पत्र्यावर पाऊस थेंब थेंब वाजत होता. मालक मागच्या खोलीत उगाचच खोकले आणि तिथेच थांबले.

मिस्त्रीनं कानामागची पेन्सिल काढली, भिंतीवरचा आकडा खोडला, खरा लिहिला. "बत्तीस तारांचं काम नव्हतंच हे," तो पुटपुटला. "छत्तीस. जाड." मग तिच्याकडे न बघता, "सोमवारी निघायचंय मला. तिकडे शब्द देऊन बसलोय. शनिवारी चाक घेऊन जा."

शनिवारी चाक तयार होतं. तो मात्र नव्हता. ठरल्याच्या दोन दिवस आधीच गेला होता. चाकाला एक चिठ्ठी बांधलेली होती, तिच्यावर फक्त त्याचा फोन नंबर.

रविवारी ती निघाली. चढावर तीनदा उतरली, एकदा रस्त्याकडेला बसून राहिली. चाक नाही बोललं. सोळाव्या किलोमीटरला पंपघराचं फाटक लागलं. कुलूप गंजलेलं, आत गवत वाढलेलं. इथे आल्यावर काहीतरी भेटेल असं तिला वाटलं होतं. काही नव्हतं.

"बाबा," ती कुलपाला म्हणाली, "सायकल मी भंगारात दिली होती."

 

मग तिनं सायकल उलटी केली, फोन लावला, आणि पलीकडून "हॅलो" आल्यावर काहीच न बोलता तो चाकाजवळ धरला. एकेक तार नखानं छेडली. छत्तीसच्या छत्तीस. सूर एकच.

पलीकडे खोकी आदळल्याचा आवाज येत होता. मग तो आवाज थांबला.

"एक ढिला आहे," मिस्त्री म्हणाला.

"कुठला?"

"ते फोनवर कसं सांगू... बघायलाच यावं लागेल."

एकही ढिला नव्हता. तिला ऐकू येत होतं, त्यालाही येत होतं. पण माणसाला खोटं पाडायचा तिला आता हक्क नव्हता.

"या," ती म्हणाली. "तोवर मी सावकाश चालवते."