भऱ्याच्या टाकीवरची पेटी

ऐका, पण मधे विचारू नका. बावधनला आमच्या वरच्या खोलीत कौस्तुभ नावाचा नांदेडचा मुलगा भाड्याने राहायचा, त्याची ही हकीकत. खोली सोडून जाताना त्यानेच सांगितली.

सन दोन हजार सात, नऊ डिसेंबर, रविवार. कार्तिकातली अमावास्या. संध्याकाळी सातला साहेबांचा फोन आला. "महिना झाला, भरे गावची पेटी गप्प आहे. उद्या सरपंचासमोर मी ती उघडणार, आज चालू करून ये." कौस्तुभने चहा संपवला, लॅपटॉप पाठीला लावला आणि बाइक काढली.

त्यांची कंपनी गावोगावच्या पाण्याच्या टाक्यांवर सिमकार्ड घातलेल्या पेट्या बसवायची. टाकीत पाणी किती, पंप किती चालला, हे पेटी रोज रात्री ऑफिसला कळवायची. ही माहिती गठ्ठे बांधून जाते. डोंगरात रेंज तोकडी, गठ्ठा मोठा झाला की अडकतो, वैरणीचा भारा अरुंद दारात अडकावा तसा. गठ्ठा केवढा बांधायचा तो आकडा पेटीत भरावा लागतो, आणि या कामात त्याच्याबरोबरच्या दयानंदचा हात कोणी धरू शकत नव्हता. बारावी शिकलेला, पण पाचशे भरायचा आणि त्याच्या पेट्या कधी अडायच्या नाहीत.

कौस्तुभ इंजिनिअर. त्याच्या बावीस पेट्या, सगळ्यांत पुस्तकातला पंधराशे, आणि रोज एक तरी रडायची. दयानंदचा आकडा भरला असता तर भागलं असतं. पण मग मान खाली घालावी लागली असती! साहेब चारचौघांत म्हणायचे, "दयानंदकडून शीक." याच्या अंगाचा तिळपापड. त्यात जानेवारीत सुपरवायझर नेमायचा होता, आणि कोणाला, ते शिपायालाही ठाऊक होतं.

मत्सर वाईट रे. पोट आपलं दुखतं आणि माती दुसऱ्याच्या अन्नात कालवतो आपण. नोव्हेंबरात एका संध्याकाळी कौस्तुभने खोलीत बसून दयानंदच्या ताब्यातल्या भऱ्याच्या पेटीला एसएमएस केला. पाचशेचे पंधराशे झाले. दयानंदला शिव्या बसाव्यात, एवढाच बेत. पण पेटी अडली म्हणून दयानंद तसाच अंधारात निघाला आणि वाटेत पिरंगुटच्या घाटात ट्रकखाली गेला.

आता गोम अशी, की आकडा कोणी, किती वाजता, कुठल्या फोनवरून बदलला, ते पेटी लिहून ठेवते. ती नोंद जागेवर जाऊनच पुसता येते. साहेबांनी उद्या पेटी उघडली असती, तर कौस्तुभचा नंबर सगळ्यांसमोर आला असता. म्हणून तो निघाला.

सव्वाआठला टाकीवर पोचला. राखणदार नथू नवा, आठ दिवसांपूर्वी लागलेला. शेकोटीशी बसला होता.

"सायेब, तुमचा मानूस मगाशीच येऊन गेला की. पेटी चालू झाली."

"कोण माणूस?"

"नाव न्हाई सांगितलं. हेल्मेट बी काढलं न्हाई. च्या दिला, तर म्हनला, आता पिता येत न्हाई."

कौस्तुभ पेटीकडे वळला.

"तुमास्नी निरोप दिलाय. म्हनला, कौस्तुभला सांग, त्याचा मेसेज बगितला."

पोरांनो, तेव्हाही त्याला आधी भीती वाटली नाही. आधी तो जळला. मेल्यावरसुद्धा हाच पुढे...

मग त्याने पेटी उघडली.

आकडा पाचशे. खाली जुनी नोंद, कौस्तुभचा नंबर. वर नवी. आजची. सात वाजून पन्नास मिनिटं.

दयानंदचा नंबर...

त्याचा फोन तर ट्रकखाली चुरा झालेला. सिमसकट.

त्याने दोन्ही नोंदी पुसल्या. नथूकडे पाहिलं नाही. घाटात मागे वळून पाहिलं नाही.

सकाळी साहेबांनी पाठ थोपटली. "शाब्बास. भऱ्याचीच नाही, तुझ्या बावीसच्या बावीस पेट्या रात्रभर बोलत होत्या. सुपरवायझर तूच."

कौस्तुभने ऑफिसात बसून एक पेटी तपासली. पाचशे. दुसरी... पाचशे. तिसरी...

बावीस गावं. वेळ एकच, सात पन्नास.

नंबरही एकच.