मंगळवारची खेप

सूर्य नुकताच वर आला होता. निवृत्ती पोलीस चौकीच्या पायरीवर येऊन बसला. पायात चप्पल नव्हती.

"जमादारसाहेब, माळावर चला. चार मेली."

"कोण चार?"

"हरणं. तीन माद्या अन् एक पाडस. टाक्याजवळच पडलीत."

निवृत्ती सावरमाळ अभयारण्याचा राखणदार होता. नऊ वर्षं रोजंदारीवर काढून यंदाच कायम झालेला. लातूर जिल्हा वेगळा होऊन हा दुसरा उन्हाळा, आणि दोन्ही वर्षं पाऊस नव्हता. माळावरच्या हरणांसाठी सिमेंटचं एक टाकं होतं. त्यात दर शनिवारी आणि मंगळवारी टँकरची एक खेप पडायची. आज गुरुवार.

हणमंत जमादार टाक्यात उतरले. तळाचं शेवाळ वाळून पापडासारखं उभं राहिलं होतं. बोटानं दाबलं, तर चुरा झाला. टाक्याभोवती काळ्या मातीत हरणांचे खूर उमटले होते. म्हशीचा खूर नव्हता, गाडीचं चाक नव्हतं, घागर टेकल्याची खूणही नव्हती.

पाडसाचं तोंड टाक्याच्या कडेवर होतं.

तेवढ्यात रेंजरसाहेबांची जीप आली. ते खाली उतरलेच नाहीत.

"पाणी विकलंय यानं. पाच वाजता नवे कलेक्टर येतायत. त्याच्या आधी याला आत टाका."

"पाचपर्यंत वेळ द्या, साहेब," जमादार म्हणाले.

जीप गेली. जमादार निवृत्तीकडे वळले.

"मंगळवारी पाणी पडलं?"

"हाव."

"शनिवारी?"

"पडलं की."

"तू डोळ्यांनी पाहिलंस?"

निवृत्तीनं मान खाली घातली. "पावत्या हायत न साहेब. माझाच अंगठा हाय."

"टँकरवाला मारोती कुठंय?"

"लातूरला गेलाय. उद्या येतो."

जमादारांनी दोन्ही पावत्या पाहिल्या. अंगठ्याच्या जांभळ्या शाईभोवती पिवळट मातीचा चट्टा होता. त्यांनी पावत्या खिशात घातल्या.

दुपारी ते गावातल्या शाळेत गेले. आज तिथं अभयारण्यासाठी प्रदर्शन होतं. गावच्या बायांनी आणि पोरांनी मातीचे ससे, मोर, कोल्हे केले होते. ते विकून माळावर दुसरं टाकं बांधायचं होतं. सगळी कल्पना शाळेच्या प्रेमलाबाईंची. वीस वर्षं शिकवलेलं, गाव त्यांच्या शब्दाबाहेर नव्हतं.

फाटकाजवळच्या आडावर जमादार क्षणभर थांबले. रहाटाच्या चाकापासून दोरापर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं.

"या जमादार, उन्हातून आलात," म्हणत प्रेमलाबाईंनी गार पाण्याचा लोटा भरून दिला. जमादार अर्धा प्यायले. उरलेला तोंडावर मारला. तीन दिवसांत पहिल्यांदा तोंड धुतलं गेलं होतं.

आत मधोमध माणसाएवढं मातीचं हरीण उभं होतं, अंगभर ओली पोती पांघरून. उदगीरकडून आलेले वीरण्णा कुंभार त्याच्या मानेवरून हात फिरवत होते.

"याला डोळे नाहीत, वीरण्णा?"

"डोळे कलेक्टरसाहेब बसवणार. तोवर माती ओली पाहिजे. बायकोला एवढं जपलं असतं तर माहेरी गेली नसती, जमादार! ही माती जरा सुकली की तडकते."

"माती कुठली?"

"तळ्याचा गाळ. पिवळी, लई चिवट. तुमचा निवृत्तीच वाहून देतोय शनिवारपासून. झोपतो बी इथंच."

"आणि पाणी?"

वीरण्णा प्रेमलाबाईंकडे पाहू लागले.

"आडाचं," बाई म्हणाल्या.

साडेचार वाजता जमादारांनी निवृत्तीला शाळेत बोलावलं. रेंजरसाहेबही आले. खुर्च्या मांडून झाल्या होत्या.

"साहेब, टाक्यातलं पाणी कुणी चोरलं नाही," जमादार म्हणाले. "चोरायला ते आधी टाक्यात पडायला पाहिजे. मंगळवारी खेप पडली असती, तर आज तळाला निदान ओल असती. शेवाळाचा तर चुरा होतोय. म्हणजे शनिवारचीही खेप पडली नाही. टँकर माळावर गेलाच नाही. चाकाची खूण नाही तिथं."

"पण पावत्या?" रेंजर म्हणाले.

"पावत्यांवर पिवळी माती आहे. माळ सगळा काळा. हा अंगठा इथं उठला, याच जागी, गाळ वाहताना. निवृत्ती, खरं की न्हाई?"

निवृत्तीनं अंगठा मुठीत दाबला.

"कामून झाकून राहिलास? नोकरी जाईल तुझी."

"माझ्या पोरीला, पंचशीलाला, बाईंनीच वसतिगृहात घातलं, साहेब," तो पुटपुटला. "अन् मी तरी कुठं चांगला? माझी हरणं तिकडं तडफडून राहिली, अन् मी इथं मातीचं हरीण उभं करून राहिलो."

जमादार मागच्या भिंतीआड गेले. तिथल्या हौदावरची ताडपत्री त्यांनी ओढली. पाणी चमकलं.

"आडाच्या रहाटावर कोळ्याचं जाळं आहे, बाई. किती दिवसांत पोहरा सोडला नाही?"

प्रेमलाबाई खुर्चीवर बसल्या.

"शनिवारची खेपच घेणार होते," त्या म्हणाल्या. "मंगळवारची माळावर जाऊ द्यायची, असं ठरवलं होतं. पण मंगळवारी वीरण्णा म्हणाले, मान तडकतेय. नव्या जिल्ह्याचे साहेब, त्यांच्यापुढं तुटकं हरीण ठेवायचं? एवढी बायापोरं राबली. वाटलं, दोन दिवस हरणं नदीकडं जातील."

"नदी दिवाळीलाच आटली, बाई."

"मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही वाटलं."

बाई उठल्या. मातीच्या हरणावरचं एकेक पोतं त्यांनी स्वतः काढलं आणि हौदाकाठी नेऊन पिळलं.

"हौदातलं सगळं माळावर न्या. आत्ताच."

कलेक्टर आले तेव्हा बैलगाडीवर पिंपं भरून निवृत्ती फाटकाबाहेर पडत होता. बाईंनी साहेबांना आधी हौद दाखवला, प्रदर्शन नंतर. सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. दारातून गरम वारा येत होता. साहेबांच्या हातात डोळ्यांसाठीचे दोन काळे खडे होते, आणि समोरच्या हरणाच्या मानेवर केसाएवढी चीर पडली. साहेबांनी खडे टेबलावर ठेवले.

संध्याकाळी जमादार चौकीत पंचनामा लिहायला बसले. चाळिशीला आल्यावर अक्षर शिकलेला हात सावकाश चालत होता. निवृत्ती निर्दोष, हे त्यांनी सगळ्यात आधी लिहिलं. मग हरणांच्या वाटणीचं पाणी वापरणाऱ्यांची नावं: प्रेमलाबाई. वीरण्णा कुंभार. खेपा शाळेत ओतणारा मारोती.

त्यांनी टाक पुन्हा शाईत बुडवला.

मग खाली लिहिलं: हणमंत जमादार. एक लोटा. अर्धा तोंडावर मारला.