एका उन्हाचे दोन मालक

गच्चीवर कुणी असेल असं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती आपली पाइप खांद्यावर टाकून सोलर पॅनेल धुवायला वर आली होती. ती वीजकाम शिकवायची त्या तंत्रशिक्षण संस्थेच्या गच्चीवरची ही पॅनेल म्हणजे तिचा जीव की प्राण. त्यांच्यावर धूळ साचली की तिच्या कपाळावर आठी उमटलीच म्हणून समजा. तिने नळ सोडला, धार थेट मागच्या रांगेवर धरली... आणि रांगेमागून कुणीतरी किंचाळलं.

"अहो, अहो — थांबा! माणूस आहे इथे!"

"माणूस आहे तर हाक मारून वर यायला काय होतं?" धार बाजूला करायचं भान न राहता ती ओरडली.

एक उंच तरुण हळूहळू उभा राहिला. नखशिखांत भिजलेला. चष्म्याच्या काचांवरून थेंब ओघळत होते आणि त्याने एका हाताने फोन डोक्याच्या वर धरला होता, पुरात कुणी पोर उचलून धरावं तसा.

"मी पॅनेल बघत होतो."

"पाय ठेवून बघायची असतात का? तो बघा, फ्रेमवर बुटाचा ठसा!"

त्याने ठशाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "म्हणजे त्या करंटबाई तुम्हीच."

मुलं पाठीमागे आपल्याला असं म्हणतात हे तिला ठाऊक होतं. पण तोंडावर म्हणणारा हा पहिलाच. "कुणी सांगितलं?"

"फाटकावरच्या मुलांनी. सावध राहा म्हणाले." तो शर्टाची बाही पिळत होता. "पण पाण्याचं काही बोलले नव्हते."

हसू अगदी ओठापर्यंत आलं होतं. पण पुढच्याच वाक्याने ते परत गेलं. आजपासून दुपारचा तास त्याचा होता. विषय — ब्लॉकचेन आणि स्वच्छ ऊर्जा. जागा — तिची कार्यशाळा. प्राचार्यांनी दिली होती, तिला एका शब्दाने न विचारता.

"माझ्या मुलांना अजून मीटर धड जोडता येत नाही," ती कडाडली, "आणि तुम्ही त्यांना हवेतल्या साखळ्या शिकवणार?"

"तुम्हीही बसा ना वर्गात."

"बसणारच आहे!"

बसली नाहीच ती. हाताची घडी घालून मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. त्याने फळ्याला हातही लावला नाही. प्रत्येक बाकाला एक घर केलं. काही घरांवर पॅनेल, काहींवर नाहीत, एका घरात मोठी बॅटरी. दुपार झाली, ऊन तापलं, पहिल्या घराची वीज उरली, ती शेजारच्या घराला दिली. "आता हे किती दिलं, कुणी दिलं, कुणाला दिलं, ते सगळ्यांनी लिहायचं," तो म्हणाला. "फक्त देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने नाही. सगळ्यांनी. आणि प्रत्येक नव्या पानावर आधीच्या पानाची खूण करायची. मागचं एक पान कुणी बदललं, तर पुढची सगळी पानं बोंब मारतील. हीच ती साखळी, ब्लॉकचेन."

"आणि सगळ्यांनी मिळून बदललं तर?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं. अख्खी संस्था हिला टकळी म्हणायची, कारण तिचं तोंड कधी मिटत नसे.

"अर्ध्याहून जास्त लोक एका खोट्यावर एक झाले तर धोका आहेच. पण तुझा ह्या वर्गातला अनुभव काय? अर्ध्या लोकांचं तरी कशावर एकमत होतं का?"

वर्ग खदखदून हसला. मागच्या भिंतीकडून मात्र आवाज आला, "आणि मीटरच खोटा असेल तर?"

सगळ्या माना वळल्या. तो मात्र खूश झाला, जणू याच प्रश्नाची वाट पाहत होता. "तर साखळी ते खोटं जिवापाड जपून ठेवेल. म्हणून तर तुम्ही हव्यात." आणि लगेच कान लाल होऊन तो पुटपुटला, "...वर्गाला. म्हणजे, वर्गाला हव्यात."

टकळीने शेजारणीला कोपर मारलं.

तेव्हापासून दोघं मिळून शिकवू लागले. म्हणजे भांडत शिकवू लागले. ती मुलांकडून मीटर जोडून घ्यायची, तपासून घ्यायची. तो गच्चीवरच्या विजेचा आकडा मुलांच्या फोनवरल्या साखळीत उतरवायचा. ढग आले की बॅटरीतून कुणाला आधी द्यायचं यावर मुलं हमरीतुमरीवर यायची. तो तिचा स्क्रू-ड्रायव्हर उचलायचा, ती काढून घ्यायची. बोटाला बोट लागायचं... आणि दोघंही एकदम मीटरकडे बघायला लागायची.

"आज राग कुणावर?" घरी वहिनी विचारायची.

"त्याच्यावरच! मुलांना म्हणतो, वायर म्हणजे विजेची पायवाट. कवी कुठला!"

"काल कशावरून होता?"

"काल एकदाही काही बोलला नाही म्हणून."

वहिनी पदराआड हसायची आणि जास्त काही विचारायची नाही.

मग एक दिवस स्वच्छ विजेच्या दाखल्यांचा धडा आला. पॅनेलमधून वीज निघते, तसा ती स्वच्छ असल्याचा दाखलाही निघतो, तो विकता येतो, असं त्याने समजावलं. "पण एकदा दाखला विकला की 'आम्ही स्वच्छ वीज वापरतो' असं म्हणायचा हक्कही त्याच्याबरोबर गेला. आता तो हक्क घेणाऱ्याचा. एकच दाखला दोघांना विकला जाऊ नये, म्हणून साखळी."

टकळीचा हात वर. "सर, मग आपल्या फाटकावर कसं लिहिलंय, ही संस्था संपूर्ण स्वच्छ विजेवर चालते? आणि कोपऱ्यावरच्या रंगाच्या कारखान्याच्या फलकावर लिहिलंय, आमचा रंग शेजारच्या संस्थेकडून घेतलेल्या स्वच्छ विजेवर बनतो. गच्ची तर एकच आहे ना?"

तो फळा पुसायला लागला. ती मात्र संध्याकाळी संस्था सुटताच तडक प्राचार्यांच्या खोलीत गेली.

"दाखले कारखान्याला विकलेत ना आपण?"

"विकले. रीतसर विकले." प्राचार्यांनी खुर्ची मागे रेलवली.

"मग फाटकावरचा फलक?"

"अहो मॅडम, ऊन का कुणाच्या बापाचं आहे? दोघांनी म्हटलं स्वच्छ, तर कुणाचं काय गेलं?"

"एकच म्हैस दोघांना विकली, तर काय जातं असं विचारताय!" तिचा आवाज चढला. "तो कारखाना बाकी सगळी वीज कोळशाची वापरतो आणि या दाखल्यांवर निभावतो. आपणही त्याच उन्हावर मिरवतो. म्हणजे कुणीतरी एक जण धूर सोडून स्वच्छ म्हणवून घेतोय. आणि मुलांना आपण काय शिकवतोय?"

"मुलांना तेवढा धडा नकोच शिकवायला. शनिवारी वार्षिक कार्यक्रम आहे, कारखान्याच्या मालकीणबाई पाहुण्या आहेत." प्राचार्य गोड हसले. "वर्गातलं कानावर आलं तसं तुमच्या सरांना मघाशीच बोलावलं होतं, त्यांनी मान्य केलं. समजूतदार आहे मुलगा."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, हे तिला त्या दिवशी कळलं. तो जिन्यातच भेटला.

"तुम्ही हो म्हणालात?"

"एकच धडा तर आहे... बाकी वर्ग वाचेल, असं वाटलं." त्याची नजर खाली. "आणि खरं सांगायचं तर, हे कामही वाचेल."

"साखळी जपते म्हणे खरं! साखळीला काय, तिला कणा लागत नाही. माणसाला लागतो." तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही तिला संताप आला. "उद्यापासून माझ्या कार्यशाळेत पाऊल टाकू नका."

तो आला नाही. तिने मुलांना बरोबर घेतलं आणि शनिवारची तयारी स्वतः केली. प्राचार्यांना एवढंच सांगितलं, की दाखला कसा विकला जातो ते मुलं दाखवणार आहेत. संगणक टकळी सांभाळणार होती. तो आलाच नाही याचाही तिला राग येत होता, आणि तो कुणाला सांगावा हे कळत नव्हतं.

शनिवारी सभागृह भरलं. तो शेवटच्या रांगेत येऊन बसला होता. तिने पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.

मंचावर पडदा उजळला. "सकाळच्या उन्हातून निघालेला हा एक दाखला," ती म्हणाली. "बाई, आपण विकत घ्याल?"

मालकीणबाई कौतुकाने उठल्या, बटण दाबलं. पडद्यावर त्यांचा कारखाना दाखल्याचा मालक झाला. टाळ्या झाल्या.

"आता प्राचार्यसाहेब, हाच दाखला आपल्या फाटकावरच्या फलकासाठी वापरून दाखवा."

प्राचार्यांचं हसू गोठलं, पण सगळे बघत होते. त्यांनी बटण दाबलं. पडदा लाल झाला — 'नकार. या दाखल्याचा मालक दुसरा आहे.'

"तांत्रिक बिघाड दिसतोय," ते घाईने म्हणाले. "बंद करा तो संगणक."

पडदा काळा झाला. सभागृहात कुजबुज सुरू झाली, आणि तेवढ्यात शेवटच्या रांगेतून आवाज आला.

"बिघाड नाही, साहेब." तो उभा होता. "असंच व्हायला हवं. मी शिकवलेला हाच धडा आहे, आणि तो गाळायला मी तयार झालो होतो. माझं चुकलं. मुलांनो, तुमच्याकडे काय दिसतंय?"

मुलांनी फोन उंच धरले. प्रत्येकावर तोच लाल नकार.

मालकीणबाई सावकाश प्राचार्यांकडे वळल्या. "म्हणजे माझ्याकडून पैसे घेतलेत, आणि माल आपल्याच दारावर टांगून ठेवलात?"

फलक संध्याकाळच्या आतच उतरला. प्राचार्य मात्र खुर्चीवर तसेच राहिले. 'मुलांच्या जागरूकतेला आपणच उत्तेजन दिलं' असंही सांगत सुटले. त्याला मात्र तिथल्या तिथे नारळ मिळाला.

ती बसथांब्यावर पोचली, तेव्हा तो मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसला होता.

"न सांगता निघालात?"

"तुम्हीच म्हणालात, पाऊल टाकू नका."

"कार्यशाळेत म्हणाले होते. गावात नाही!" ती धपकन बाजूला बसली. "आणि इतक्या उशिरा उठून उभं राहायचं? आधी नाही सुचलं?"

"जिन्यात तुमच्या डोळ्यांत पाणी आलं ना... त्यानंतर सुचलं. मग ते करायचं धैर्य यायला शनिवार उजाडला." तो किंचित हसला. "अजून रागावलात?"

"मला सकाळी उठल्यापासून तुमचा राग येतो. तुम्ही समोर असलात की येतो... आणि नसलात की फारच येतो."

त्याने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला. मग हळूच म्हणाला, "याला दुसरंही एक नाव आहे."

"ठाऊक आहे मला! शिकवू नका."

"मलाही तेच झालंय. पहिल्याच दिवसापासून." त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पण आता माझ्याकडे काम नाही."

"मालकीणबाईंनी टकळीला विचारलंय, आमचे सगळे दाखले कोण तपासून देईल म्हणून. तिने दोघांची नावं सांगितली. मला न विचारता! या पोरीला मी उद्या बघते..."

वळणावरून बस आली. थांब्याशी थांबली, दार उघडलं. वाहकाने त्याच्या पिशवीकडे पाहिलं. "येताय ना, साहेब?"

त्याने तोंड उघडायच्या आत तिने पिशवीचा बंद घट्ट धरला.

"नाही," ती म्हणाली. "ते माझ्याबरोबर आहेत."