कापसाच्या खोलीतली सुपारी

सोमवारी सकाळी दीपा पिंजरा धुवायला बसली, तेव्हा तिचं अर्धं लक्ष घड्याळात होतं. घाटंजीच्या सरकारी दवाखान्यात ती लॅब टेक्निशियन होती. रोज पन्नास-साठ काचपट्ट्या मायक्रोस्कोपखाली धरायच्या. दिसलं तर लिहायचं, नाही दिसलं तर नाही लिहायचं. घरातही ती तशीच होती. भाजीत मीठ कमी आहे असं कुणी म्हटलं, तर आधी चाखून बघणारी.

पिंजरा सुपारीचा. सुपारी म्हणजे हॅमस्टर, सुपारीच्याच रंगाची, मुठीत मावणारी, शेपटीच्या नावाने नुसतं टोक. मैत्रेयीच्या आठव्या वाढदिवसाला राजदीपने ती नागपूरहून आणली होती. राजदीप उमरखेडच्या एसटी डेपोत मेकॅनिक, रविवारी तेवढा घरी यायचा. गल्लीतले लोक म्हणायचे, "मॅडमकडचा उंदीर शिकेल हाय." पण बापाविना सहा दिवस काढणाऱ्या पोरीला त्या जिवाचा आधार झाला होता, हे दीपा जाणून होती.

तेवढ्यात फोन वाजला. दीपा बोलत बोलत उठली, पिंजरा जागेवर ठेवला आणि तशीच चप्पल घालून निघाली.

साडेचारला परत आली तर मैत्रेयी दप्तर पाठीवर ठेवूनच पिंजऱ्यापुढे बसलेली. पिंजऱ्याचं दार उघडं होतं.

"मीच कडी लावली नसन काल," मैत्रेयी म्हणाली.

सकाळी फोनच्या नादात कडी आपणच लावली नाही, हे दीपाला आठवलं. "सापडन," एवढंच म्हणाली.

दोघींनी घर उलटंपालटं केलं. गव्हाच्या कोठीमागे, गॅसच्या टाकीखाली, वाकळांच्या घड्यांत. घर तरी केवढं? एका ओळीत तीन खोल्या, त्यातल्या दोन भाड्याने यांच्याकडे. तिसरीत घरमालकीण मैनाबाईचा कापूस. कापसाचा भाव पडल्याचं ते तिसरं वर्ष होतं. उद्या वाढेल, परवा वाढेल म्हणून अर्ध्या घाटंजीने राहत्या घरात कापूस भरून ठेवला होता, आणि त्यातल्या किड्यांमुळे अंग खाजून लोकांच्या हातापायांवर चट्टे उठले होते. बाकीच्यांनी होळीपर्यंत थकून विकला. मैनाबाईचा मात्र मार्च सरत आला तरी तसाच होता. त्या खोलीला खिडकी नव्हती. स्वयंपाकघराकडून एक जुनं दार होतं, ते आतून खिळे मारून बंद केलेलं. खाली फट बोटभर.

मैत्रेयी त्या दिवशी जेवली नाही. "मीच," असं अधूनमधून म्हणत राहिली. दीपाला ते ऐकवेना, पण खरं सांगायलाही जीभ उचलेना.

झोपायच्या आधी दीपाने ज्वारीचं पीठ चाळणीत घेतलं आणि काळ्या फरशीवर बाहेरच्या आणि कापसाच्या खोलीच्या दारापाशी बारीक भुरभुरलं. जे दिसत नाही त्याला रंग द्यायचा, हे तिचं रोजचंच काम होतं.

मंगळवारी सकाळी पिठावर पावलं उमटली होती. चांदण्यांसारखी, तुरीच्या दाण्याएवढी. कोठीच्या बाजूने आली होती आणि कापसाच्या खोलीच्या दाराखाली गेली होती. परतीची नव्हती.

मैनाबाई अंगणापलीकडच्या खोलीत एकटीच राहायची. साठीची, हातभर बांगड्यांची. किल्ली मागायला दीपाने हाक मारली, तर ती उंबऱ्यातच थबकली. फरशीकडे बघत राहिली.

"कोनाचं पीठ टाकलं व, बाई?"

"कोनाचं म्हंजे?"

"मानूस गेल्यावर टाकतेत ना. कोनचं पाऊल उमटते ते पाहाले."

"आमच्यात तसं काही नाई करत, मैनाबाई. पोट्टीचा उंदीर पाहून राह्यली मी. तुमच्या कापसात गेला."

"मंग येईन भुकेनं भाईर," मैनाबाई म्हणाली. किल्लीचा विषय तिने काढलाच नाही.

"काहून, खोली उघडाले काय झालं?"

"हवा लागते कापसाले," ती म्हणाली आणि वळली.

मंगळवारी मैत्रेयी नुसतं दूध प्यायली. दीपाने दारापुढे पुन्हा पीठ टाकलं, या वेळी जास्त, आणि मधोमध चार शेंगदाणे ठेवले.

बुधवारी सकाळी शेंगदाणे नव्हते. सुपारीची पावलं फटीतून बाहेर आली होती, वीतभर चालली होती आणि तिथेच संपली होती. ती संपली होती तिथे पिठात एक हात उमटला होता.

दीपा उकिडवी बसली. तळवा नव्हता तो. हाताची मागची बाजू होती. चार बोटांचे सांधे, मनगटाचं हाड, आणि मनगटाशी बांगड्यांच्या दोन बारीक कमानी. एखाद्या पिलाला हातावर चढू द्यायचं असलं की आपण हात उताणा टेकवतो, तसा. बोटं खोलीकडे नव्हती. बोटं घराकडे होती, मनगट दाराकडे.

तिने स्वतःचा हात शेजारी उताणा ठेवून बघितला. तिचा मोठा होता. मग झोपलेल्या मैत्रेयीचा हात जाऊन न्याहाळला. तिचा फारच लहान. शिवाय तो स्वच्छ होता, पीठ कुठेच नव्हतं. दाराखालच्या फटीत दीपाने बोट घातलं. एक बोट कसंबसं गेलं.

तिने फडक्याने पीठ पुसून टाकलं, आणि सरळ अंगण ओलांडून गेली.

"मैनाबाई, किल्ली द्या."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे. मैनाबाईने कमरेची किल्ली सोडली.

बाहेरचं कुलूप उघडलं तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. दारातून उजेडाची एक पट्टी आत पडली. छातीभर उंच कापूस, पिवळट पांढरा. सरकीचा आणि धुळीचा वास. मैत्रेयी मागून येऊन दीपाच्या कमरेला बिलगली. मैनाबाई बाहेरच उभी राहिली.

दीपा कापसावर चढली. गुडघ्यापर्यंत पाय रुतले. "सुपारी," तिने हळू हाक मारली, आणि आपण उंदराला हाक मारतोय याचं तिला हसूही आलं नाही.

भिंतीच्या अंगाला एक खळगा होता. आधी वाटलं, कापूस आपोआप खचला असेल. मग तिला त्याचा आकार दिसला. लांबट. एका टोकाला डोक्याएवढी गोल खोलगट जागा, मध्ये गुडघे पोटाशी घेतल्यासारखं वळण.

त्या वळणात सुपारी झोपली होती.

भोवती शेंगदाणे होते. सोललेले, प्रत्येकाचे दोन भाग केलेले. लाल सालं बाजूला गोळा करून ठेवलेली.

दीपाने सुपारीला उचललं. मग दुसरा हात खळग्यात टेकवला.

कापूस उबदार होता. ज्या अंथरुणातून माणूस आत्ताच उठलंय, तसा. एवढ्याशा जिवाच्या अंगातून एवढी ऊब येत नाही.

ती उतरून उजेडात आली. मैत्रेयीने दोन्ही हात पुढे केले, सुपारीला छातीशी धरलं, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा रडली.

"बेटा," दीपा म्हणाली, "कडी मी लावली नव्हती. तू नाई."

"मले मालूम हाय," मैत्रेयी म्हणाली.

"कसं?"

मैत्रेयीने खांदे उडवले. ती सुपारीचा कान मागे करून बघत होती. "आई, हे पाह्य. सुपारीले तीट लावली कोनं तरी."

डाव्या कानामागे काळा ठिपका होता. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून लावतात तसा, नीट गोल. दीपाने पदराच्या टोकाने पुसला. एरंडेलाच्या काजळाचा वास आला.

"कोन्या कानामागं?" मैनाबाईने विचारलं. तिचा आवाज इतका खाली आला होता की दीपाला पुन्हा विचारावं लागलं. "कोन्या कानामागं होती?"

"डाव्या."

"माही पोट्टी डाव्याच कानामागं लावे," मैनाबाई स्वतःशीच म्हणाली. मग दार ओढून घेतलं आणि कुलूप घातलं.

"मैनाबाई, या खोलीत कोन राह्यत होतं?"

"कापूस," मैनाबाई म्हणाली.

दुपारी मैनाबाईचा दीर रामधन गाडी घेऊन आला. भाव किंचित सुधारला होता, म्हणाला, भरून टाकू. अंगणातलं बोलणं दीपाला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

"यंदा नाई इकत," मैनाबाई म्हणत होती.

"अवो वहिनी, कायले ठेवता? पाऊस लागन त्याले."

"राहू द्या. थंडी हाय अजून."

बाहेर डांबर वितळेल असं ऊन होतं.

राजदीप रविवारी आला तेव्हा दीपाने त्याला सगळं सांगितलं, जेवढं दिसलं तेवढंच. तो हसला नाही. "घर बदलू," म्हणाला. पुढच्या महिन्यात बसस्टँडजवळ दोन खोल्या मिळाल्या. सामान टेम्पोत भरताना मैनाबाईने मैत्रेयीच्या हातावर गूळ ठेवला.

नव्या घरी दीपा रोज सकाळी वेणी घालताना मैत्रेयीच्या दोन्ही कानांमागे बघायची. काही नसायचं. सुपारीच्याही नसायचं. पंधरा दिवस झाले, महिना झाला. मग तिने बघणं सोडून दिलं. मैत्रेयी पोटभर जेवत होती, सुपारी चाकावर पळत होती, आणि दीपाला पुन्हा शांत झोप लागू लागली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, एका सोमवारी, सकाळी अकराच्या सुमाराला ती लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर वाकली होती. त्या दिवशी डोक्यावरून न्हाली होती, म्हणून केस वर गुंडाळून चाप लावला होता. नर्स जेबा रिपोर्ट न्यायला आली आणि तिच्या मागे उभी राहिली.

"काय दीपाताई," ती हसत म्हणाली, "लहान पोट्टीवानी तुमाले कोनं तीट लावून देल्ली?"

दीपाने भिंगावरून डोळा काढला नाही. हात तेवढा डाव्या कानामागे नेला.

बोटाला काजळ लागलं. ते अजून कोमट होतं.